हिरवळीसाठी यंत्र घेताना

बंगल्यापुढे थोडी हिरवळ असावी, संध्याकाळी तिच्यावर खुर्च्या टाकून चहा घ्यावा, ही हौस आता पुण्या-नाशिकपुरती राहिलेली नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथे स्वतंत्र घर आणि दारापुढे मोकळी जागा आहे, तिथे नर्सरीतून गवताचे तयार गालिचे येतात. काही आठवड्यांत ते मूळ धरतात आणि घरची मंडळी खूश होतात. मग पाऊस सुरू होतो. गवत घोट्यापर्यंत येते, माळी दोन आठवडे फिरकत नाही, आणि एका रविवारी यजमान दुकानात जाऊन 'एक चांगले मशीन दाखवा' म्हणतात. दुकानदार अर्थातच सर्वांत मोठे दाखवतो.

वर्षभरानंतर अशी कितीतरी मशीन्स गॅरेजमध्ये, सायकलीच्या मागे, पोत्याखाली उभी असतात. पेट्रोलचे असेल तर ते सुरू होत नाही, विजेचे असेल तर घरात त्याची भीती बसलेली असते. हिरवळ पुन्हा विळ्या-कात्रीवर आलेली असते. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. ते त्या घरासाठी नव्हतेच.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून थोडा हिशेब करा. हिरवळीची लांबी-रुंदी टेपने मोजा. डोळ्यांनी अंदाज करू नका, कारण स्वतःचे अंगण प्रत्येकाला मोठेच वाटते. आता समजा, तुम्ही १४ इंची पात्याचे मशीन घेतले. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी साधारण एक फूट रुंदीचे गवत कापले जाते. म्हणजे एक चौरस फुटासाठी एक फूट चालणे. एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट हिरवळ कापायला सुमारे ३३० मीटर चालावे लागेल. देवळापर्यंत जाऊन यावे, एवढेच! शहरातील बहुतेक बंगल्यांची हिरवळ एका गुंठ्याच्या आतच असते. एवढ्यासाठी इंजिन हवे कशाला?

पाच गुंठे असतील तर हेच अंतर दीड किलोमीटरच्या पुढे जाते. तेवढे अंतर मशीन ढकलत चालायचे म्हटले की मोटर हवीशी वाटू लागते. अर्धा एकर असेल तर १८ इंची मशीन घेऊनही पाच किलोमीटरहून अधिक पायपीट आहे आणि तिथे गोष्ट वेगळी होते. त्याबद्दल पुढे सांगते.

कात्री की कोयता?

गवत कापण्याची यंत्रे मुळात दोनच प्रकारची असतात. हा फरक समजला की दुकानदाराच्या बोलण्यातील निम्मा भाग आपोआप बाजूला पडतो.

पहिला प्रकार फिरत्या रुळाचा. दोन चाकांच्या मध्ये पाच-सहा पिळदार पात्यांचा रूळ असतो आणि त्याच्याखाली एक स्थिर पोलादी पट्टी. मशीन ढकलले की चाकांबरोबर रूळ फिरतो, आणि पाते व पट्टी यांच्यामध्ये गवत कात्रीसारखे कापले जाते. ही कल्पना इंग्लंडच्या एडविन बडिंग याची. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव छाटून ते गुळगुळीत करणारे यंत्र त्याने पाहिले होते. तीच युक्ती हिरवळीवर वापरून १८३० मध्ये त्याने पेटंट घेतले. जवळजवळ दोनशे वर्षे झाली, पण मूळ रचनेत फारसा बदल करावा लागलेला नाही.

दुसरा प्रकार रोटरी. यात टोपीसारख्या झाकणाखाली एकच पाते पंख्यासारखे आडवे फिरते. ते गवताला कात्रीसारखे कापत नाही, कोयत्यासारखा फटका मारून छाटते. विजेवर, पेट्रोलवर किंवा बॅटरीवर चालणारी जी मशीन्स दुकानांत दिसतात, ती बहुतेक याच जातीची असतात. वेग केवढा, याचा अंदाज घ्या. मोटर मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल आणि पाते ४० सेंटिमीटर लांब असेल, तर पात्याचे टोक तासाला २०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते. वाटेत आलेली खडी त्याच वेगाच्या आसपास बाहेर उडू शकते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कापणी रुळाची देखणी होते. गवताचे टोक स्वच्छ कापले जाते, फाटत नाही. विजेचे बिल नाही, आवाज नाही, दुपारी शेजारच्या आजी झोपल्या असल्या तरी चालवता येते. मात्र त्याची एक अट असते. गवत वेळेवर कापले गेले पाहिजे. तीन-चार इंचांच्या वर वाढलेले गवत रुळाखाली येण्याऐवजी पुढे वाकते आणि मशीन त्याच्यावरून नुसते निघून जाते. जाड काडीचे तण, लव्हाळा यांच्यापुढेही ते हात टेकते. रोटरीचे तसे नाही. तीन आठवडे दुर्लक्ष झालेली हिरवळही ते ताळ्यावर आणते.

तेव्हा खरा प्रश्न स्वभावाचा आहे! दर आठवड्याला नेमाने कापणारे घर असेल आणि हिरवळ एक-दोन गुंठ्यांची असेल, तर माझे मत निःसंशय हाताने ढकलायच्या रुळाच्या मशीनला. माळी येईल तेव्हाच कापले जाणार असेल, तर रोटरी घ्या.

गवत कोणते तेही पाहा. आपल्याकडील हिरवळीत हरळी किंवा हरळीच्याच सुधारित जाती पुष्कळ असतात. त्या एक ते दीड इंचावर छान राहतात. नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन किंवा कोरियन म्हणतात ते बारीक, दाट गवतही रुळाने चांगले कापले जाते. झाडाच्या सावलीत लावतात ते रुंद पानांचे बफेलो गवत मात्र अडीच-तीन इंच उंच राखावे लागते आणि त्याला रोटरीच बरी. कोणतेही घ्या, उंची कमी-जास्त करण्याची सोय मशीनला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एका कापणीत गवताच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढायचा नाही, हा हिरवळीचा पहिला नियम आहे. 'एकदाच बारीक करून टाका, म्हणजे महिनाभर बघायला नको' असे माळ्याला सांगितले, की हिरवळ पिवळी पडते, जमीन उघडी होते आणि त्या उघड्या जागेत तण येते.

हरळी म्हणजेच आपल्या दूर्वा, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गणपतीच्या आधी पंधरा-वीस दिवस कुंपणालगतचा एक कोपरा न कापता ठेवा. घरच्या अंगणातील कोवळ्या दूर्वांच्या एकवीस जुड्या सहज निघतात. मात्र त्या कोपऱ्यावर तणनाशक मारलेले नसावे.

वीज, पेट्रोल की बॅटरी?

रोटरीच घ्यायची ठरली, तर ती कशावर चालणारी, हा पुढचा प्रश्न. विजेवरची रोटरी स्वस्त, हलकी आणि सांभाळायला सोपी. तिची अडचण म्हणजे मागे लोंबणारी वायर. पात्याखाली वायर येणे हा अपघात नेहमीचा आहे आणि ओल्या गवतावर तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून हे मशीन ज्या प्लगला लावणार, त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी असलाच पाहिजे. वीज भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, की तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा फ्यूज किंवा एमसीबी हे काम करत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी हे बसवून घ्या, मशीन नंतर आणा. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च मोठा नाही.

कापायला सुरुवात प्लगच्या जवळून करा आणि पट्टे मारत दूर जा, म्हणजे वायर नेहमी कापलेल्या भागावर, मागे राहते. वायर खांद्यावरून घ्या. तिला मध्येच जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळू नका. आणि पाऊस पडून गेल्यावर, गवत ओले असताना, कितीही घाई असली तरी नाही म्हणजे नाही.

यावरून कोकणातील आणि गोव्यातील वाचकांच्या लक्षात येईल, की तिथे विजेचे मशीन पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, बंदच राहणार. तिथे पेट्रोलचे घेणे शहाणपणाचे. ओले गवत त्यालाही आवडत नाही, गोळे होऊन झाकणाखाली अडकते, पण दोन दिवसांची उघडीप मिळाली तर काम निभते.

पेट्रोलच्या मशीनला मोपेडसारखेच जपावे लागते. चार-स्ट्रोक इंजिन असेल तर पहिल्या पाचएक तासांच्या वापरानंतर तेल बदला, पुढे साधारण पन्नास तासांनी किंवा निदान हंगामात एकदा. हवेच्या फिल्टरमध्ये वाळलेल्या गवताची धूळ बसते. तो दर काही कापण्यांनंतर काढून झटका. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे टाकीत राहिलेले शिळे पेट्रोल. आता आपल्याकडील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा धरते. दिवाळीनंतर कापणी कमी झाली की टाकी रिकामी करा आणि उरलेले इंजिन चालवून संपू द्या. एवढे केले नाही, तर जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, मशीन सुरू होत नाही आणि मेकॅनिक कार्बोरेटर खोलून बसतो.

बॅटरीची मशीन्स अलीकडे चांगली येऊ लागली आहेत. वायर नाही, धूर नाही. मधल्या आकाराच्या हिरवळीला ती सोयीची. पण बॅटरी हाच त्यातील महागडा भाग, हे विसरू नका. दोन-तीन वर्षांनी तीच बॅटरी त्याच गावात मिळेल का, हे दुकानदाराला आधीच विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे दुकान पाहा.

ते अमेरिकेतले 'झीरो टर्न'

परदेशी असलेल्या मुलाने किंवा भाच्याने पाठवलेल्या चित्रफितीत तुम्ही ते पाहिले असेल. माणूस खुर्चीत बसलेला, हातांत दोन दांडे, आणि मशीन जागच्या जागी गर्रकन वळते आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात हे यंत्र आकाराला आले. त्याला सुकाणूचे चाक नसते. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र चाल मिळते. एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरवले की मशीन स्वतःभोवती वळते. पुढची चाके ऑफिसच्या खुर्चीसारखी नुसती फिरणारी. झाडाभोवतीचे गवत कापताना मागे-पुढे करत बसावे लागत नाही, म्हणून वेळ वाचतो. अमेरिकेच्या उपनगरांत अर्ध्या एकराचे अंगण नवलाईचे नाही, आणि गवत ठरावीक उंचीपेक्षा वाढले तर अनेक गावांत दंडाची नोटीस येते. तिथे हे यंत्र गरजेचे आहे. ४२ इंची पात्यांचे झीरो टर्न अर्धा एकर साधारण दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत संपवते, तेही बसून.

आपल्याकडे फार्महाउसवाले याची चौकशी करू लागले आहेत, म्हणून दोन शब्द. वीस गुंठ्यांपेक्षा जास्त सपाट हिरवळ असेल, तरच याचा विचार करा. उतारावर हे यंत्र भरवशाचे नाही. पुढच्या चाकांना ब्रेक नसतो, उतारावर मागची चाके घसरली की वळवणे आणि थांबवणे दोन्ही हातातून जाते. चार फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, एवढा उतार असेल तर ते तिथे नेऊच नये. लोणावळा, महाबळेश्वर भागातील प्लॉट डोंगरउताराचे, खाली दगडी ताल बांधलेली. अशा ठिकाणी तालीच्या कडेने किंवा शेततळ्याच्या काठाने झीरो टर्न चालवणे म्हणजे कपाळमोक्षाला आमंत्रण. उलटल्यावर डोक्याचे रक्षण करणारी कमान आणि सीटबेल्ट असेल तर दोन्ही वापरा. आणि नातवाला मांडीवर घेऊन फेरी मारू नका, तो कितीही रडला तरी.

देखभालीत लोक इंजिनकडे बघतात आणि टायर विसरतात. डाव्या आणि उजव्या टायरमधली हवा सारखी नसेल तर पाती तिरकी होतात आणि हिरवळीवर पायऱ्या दिसू लागतात. मशीन बिघडले म्हणून बोलावलेला मेकॅनिक नुसती हवा भरून परत जातो!

मुलांकडे मुक्कामाला गेलेल्या आईवडिलांना एक सूचना. दोन दांड्यांची सवय व्हायला वेळ लागतो आणि पहिल्या दिवशी यंत्र झटके देते. मोकळ्या सपाट जागेत, पाती बंद ठेवून, अगदी हळू शिका. कुंपणालगत तर सुरुवात करूच नका.

जीव धारेत असतो

पुन्हा आपल्या अंगणाकडे येऊ. मशीन कोणतेही असो, त्याची निम्मी देखभाल म्हणजे धार. कापणीनंतर दुसऱ्या दिवशी गवताची पाती जवळून पाहा. टोके सरळ कापलेली असतील तर ठीक. पांढरट, तंतू निघालेली, सुकून तपकिरी झालेली असतील तर पाते बोथट आहे. ते गवत कापत नाही, ओढून तोडते आहे. दूरून हिरवळ करपल्यासारखी दिसते आणि आपण बिचाऱ्या माळ्याला पाणी कमी घातल्याबद्दल बोलतो.

रुळाच्या मशीनची परीक्षा वर्तमानपत्राने होते. कागदाची पट्टी रूळ आणि स्थिर पट्टी यांच्यामध्ये धरून रूळ काठीने हळूच फिरवा, बोटाने नाही. कागद पूर्ण रुंदीभर स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका बाजूला कापला आणि दुसऱ्या बाजूला दुमडला, तर त्या बाजूचा स्क्रू अगदी थोडा, पाव फेरा, आवळून पुन्हा पाहा. फार आवळलात तर रूळ जड होतो आणि पोलाद पोलादावर झिजते. स्क्रूने भागेनासे झाले की ग्राइंडिंग पेस्ट लावून रूळ उलटा फिरवायचा. ते काम एकदा कारागिराकडून करून घ्या आणि शेजारी उभे राहून पाहून ठेवा.

रोटरीचे पाते तर घरीच होते. आधी वायर प्लगमधून काढा. पेट्रोलचे असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा, बॅटरीचे असेल तर बॅटरी बाहेर. पेट्रोलचे मशीन आडवे करताना हवेचा फिल्टर वरच्या बाजूला येईल असे पाहा, नाही तर तेल फिल्टरमध्ये उतरते. पाते काढून पक्कडीत धरा आणि मूळ उताराप्रमाणे फक्त वरच्या बाजूने सपाट कानस चालवा. दोन्ही टोकांना सारखेच घासणे झाले पाहिजे. भिंतीत एक खिळा ठोकून पात्याचे मधले भोक त्यात अडकवा. एक टोक खाली झुकले तर ती बाजू जड आहे, तिथे आणखी घासा. असा तोल न साधता पाते बसवले तर मशीन थरथरते, हात बधिर होतात आणि मोटरचे बेअरिंग जाते. वस्तऱ्यासारखी धार नको, स्वयंपाकघरातील विळीइतकी पुरे. पावसाळ्यात दोनदा, एरवी एकदा.

कापणी झाल्यावर झाकणाखाली चिकटलेले गवत लाकडी पट्टीने खरवडून काढा. ते ओले राहिले की पत्रा गंजतो. नळीने पाणी मारून धुण्याचा मोह विजेच्या मशीनवर आवरा. पाते कोरडे करून त्याला तेलाचा हात फिरवा. कापलेले बारीक गवत हिरवळीवर पसरलेले असेल तर तसेच राहू द्या, ते कुजून खत होते. गोळे झाले असतील तर मात्र उचलून खड्ड्यात टाका, नाही तर खालचे गवत गुदमरते.

आता त्या उडणाऱ्या खडीकडे येते. नव्या बंगल्याच्या हिरवळीखाली बांधकामाची खडी, खिळे, तारेचे तुकडे हमखास असतात. पहिल्या वर्षी तरी प्रत्येक कापणीआधी सबंध हिरवळ चालून वेचून काढा. मुले आणि कुत्रा घरात. कापणारा माणूस चपलेवर नको. आपल्याकडे बहुतेक घरांत मशीन मालकाचे आणि पाय माळ्याचे असतात. वीस-पंचवीस हजारांचे मशीन घेणारे घर त्याच्यासाठी चारशे-पाचशेचे बूट घेत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे आणि मला ते पटत नाही. मशीनबरोबरच त्याच्या मापाचे बूट आणि डोळ्यांसाठी चष्मा घ्या. 'काका, गवत अडकलं तर आधी वायर काढायची, मग हात घालायचा' हे त्यांना एकदा नव्हे, दर वेळी सांगा. स्विच बंद केल्यावरही पाते काही सेकंद फिरत राहते, आणि बोटे जातात ती बहुधा तेव्हाच. दांडा सोडताच पाते थांबते अशी सोय असलेले मशीन मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे द्या. ती पट्टी 'त्रास नको' म्हणून कोणी दोरीने बांधून ठेवली असेल, तर सोडून टाका.

जुने मशीन स्वस्तात मिळत असेल तर जरूर पाहा, विशेषतः रुळाचे, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. मशीन पालथे करून पात्यांवर बोटभर खाचा आहेत का, रूळ हलवल्यावर आडवा खेळतो का, आणि खालची पट्टी बदलून मिळते का, एवढे तपासा. पट्टी मिळणार नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी परत या.